बोटं आखडली, तरी चेहरे रंगवणं न सोडणारा चित्रकार

पोर्ट्रेट शिकताना पहिली धडपड असते ती चेहरा हुबेहूब उतरवण्याची. अलेक्सी यावलेन्स्की हे शिकले, आणि नंतर त्यांनी ते जाणीवपूर्वक मागे टाकलं.

रशियात लष्करी शिक्षण घेत असताना १८८२ मध्ये मॉस्कोतल्या एका प्रदर्शनात त्यांनी चित्रं पाहिली आणि त्यांना चित्रकलेचं वेड लागलं. सेंट पीटर्सबर्गमध्ये वास्तववादी चित्रकार इल्या रेपिन यांच्याकडे ते शिकले. १८९६ मध्ये नोकरी सोडून त्यांनी जर्मनीतलं म्युनिक गाठलं.

१९०८ मध्ये मुर्नाऊ गावात कँडिन्स्की यांच्यासोबत काम करताना त्यांची चित्रं बदलली. जाड काळ्या रेषा, हिरवे-पिवळे गाल, मोठाले डोळे. चेहरा कसा दिसतो, यापेक्षा तो कसा जाणवतो हे महत्त्वाचं ठरलं. यालाच म्हणतात एक्सप्रेशनिझम.

१९२९ पासून संधिवाताने त्यांचे हात आखडू लागले. १९३३ मध्ये नाझींनी त्यांच्या चित्रांच्या प्रदर्शनावर बंदी घातली. तरीही १९३४ पासून ते दोन्ही हातांनी ब्रश धरून छोट्या कागदांवर तैलरंगात चेहरे रंगवत राहिले. नाक म्हणजे एक उभा फटकारा, भुवया म्हणजे आडवा, आणि डोळे मिटलेले. अशी सुमारे १००० चित्रं झाली. १९३७ मध्ये नाझींनी संग्रहालयांतली त्यांची ७२ चित्रं जप्त केली. त्याच सुमारास त्यांचा ब्रशही कायमचा थांबला.

१९४१ मध्ये वीसबाडेनमध्ये त्यांचं निधन झालं. हुबेहूबपणा कधीच सुटला होता, शेवटी बोटांनीही साथ सोडली. चेहरा मात्र त्यांनी सोडला नाही.