खराटा २१ डिसेंबरलाही हवा!

२० डिसेंबरला आपल्या कॉलेजात काय होतं, जरा आठवा. गाडगेबाबांच्या फोटोला हार, एनएसएसवाल्यांच्या हातात खराटे, तासभर झाडलोट आणि मग स्टेटसला फोटो. दुसऱ्या दिवशी खराटा पुन्हा कोपऱ्यात! नंदुरबार-शहाद्याला रूम करून राहत असाल, तर तुमच्या खोलीची अवस्था वेगळी सांगायला नको.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. दारूपायी वडील गेले. पोरगा दापुऱ्याला मामाकडे गुरं राखत, शेतात राबत वाढला. शाळा नशिबात नव्हती. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगं. गावात शिरले की आधी रस्ते-गटारं साफ करायची आणि रात्री कीर्तन. इथपर्यंत तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलंय.

आता पुढचं बघा. लोकांनी दिलेल्या पैशातून बाबांनी नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूरला धर्मशाळा उभारल्या. पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा होती दलित वारकऱ्यांसाठी, ज्यांना इतरत्र कुणी दारात उभं करत नव्हतं. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ पेशंटच्या नातेवाइकांसाठी सोय केली. गावाकडचा पेशंट आत खाटेवर आणि त्याची माणसं बाहेर फूटपाथवर, हे त्यांना बघवलं नाही. आजारी, थकल्या माणसाला स्वच्छ जागा मिळणं हा त्याचा मान आहे, हे त्यांना कळलं होतं. स्वतःसाठी मात्र त्यांनी काही ठेवलं नाही. सगळा कारभार विश्वस्तांच्या हाती दिला. २० डिसेंबर १९५६ला अमरावतीजवळ वलगावला प्रवासातच त्यांनी देह ठेवला.

२०००-०१ मध्ये सरकारनं ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं. आपल्या गावांतही ते पोचलं. पण इमारतीवर देणगीदाराची पाटी लागते, रोज फरशी पुसणाऱ्याची कधीच लागत नाही. बाबांनी आयुष्यभर हेच बिनपाटीचं काम केलं.

तुमच्या घरात एखादी आजी अंथरुणाला खिळलेली असेल. गावाजवळ वृद्धाश्रमही असेल. तिथं काय करायचं? चादर बदला. गादीला ऊन दाखवा. बाथरूमची फरशी कोरडी ठेवा, कारण म्हातारं माणूस तिथंच घसरतं. पाण्याचा तांब्या घासून हाताशी ठेवा. खोलीत शिरण्याआधी विचारा, आणि त्यांची वस्तू उचलली तर पुसून परत जागेवरच ठेवा. ती खोली त्यांची आहे, आपली नाही.

यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते उद्या पुन्हा करणं. म्हणून यंदा २० डिसेंबरला फोटो काढा, हरकत नाही. पण २१ तारखेला, कुणी बघत नसताना, खराटा घ्याल ना?