हाफकिन साहेबांची लस



आपल्या बुऱ्हाणपुरात घरात मराठी आणि बाजारात हिंदी, त्यामुळे एका शब्दाची नेहमी गंमत होते. हिंदीत टीका म्हणजे लस, आणि मराठीत टीका म्हणजे दोष काढणे. आज ज्यांच्याविषयी लिहीत आहे, त्या वाल्देमार हाफकिन यांच्या वाट्याला दोन्ही अर्थांची टीका आली.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली त्या वेळच्या रशियन साम्राज्यात एका यहुदी कुटुंबात झाला. ओडेसा येथील विद्यापीठात इल्या मेच्निकोव्ह हे त्यांचे गुरू. यहुद्यांवर हल्ले झाले तेव्हा हा तरुण आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभा राहिला, जखमी झाला आणि पकडला गेला. मेच्निकोव्हांनी खटपट करून त्याला सोडवले. शिक्षण उत्तम होते, पण धर्म बदलल्याशिवाय प्राध्यापकाची जागा मिळणार नव्हती. ती अट त्यांनी मानली नाही. १८८८ साली देश सोडून ते जिनिव्हाला गेले आणि पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. तिथेही आधी काम मिळाले ते ग्रंथालयातले. पुस्तके सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

१८९३ साली ते भारतात आले. आग्रा, कलकत्ता, आसामचे चहाचे मळे असे ते फिरले. सैनिक, मजूर, कैदी, वस्त्यांतील लोक यांना त्यांनी लस टोचली. हे मुद्दाम सांगतो, कारण लस म्हणजे लहान मुलांची गोष्ट असा आपला पक्का समज आहे. शाळेत प्रवेश देताना आपण मुलाच्या लसीकरणाचे कार्ड पाहतो, आजोबांचे कार्ड कोणी विचारत नाही. हाफकिन यांच्या सुया मात्र मुख्यतः मोठ्या माणसांच्या दंडात गेल्या.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला. लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडू लागले. मुंबईहून भुसावळ, बुऱ्हाणपूर, खंडवा करीत पुढे जाणारी आपली रेल्वे लाईन तेव्हाही होतीच. ऑक्टोबरात हाफकिन यांना मुंबईला पाठवण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच सरंजाम. प्लेगचे जंतू वाढवण्यासाठी त्यांनी रस्सा वापरला आणि त्यावर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढत. मग उष्णता देऊन ते मारायचे आणि त्याचीच लस करायची. आपल्या स्वयंपाकघरातले तूप असेही कामी आले.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नेहमीपेक्षा बरीच मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण ते उठून कामाला लागले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली. लस घेतलेल्यांत प्लेग व मृत्यू स्पष्टपणे कमी दिसले. ती पूर्ण ढाल नव्हती आणि तसा दावाही कोणी करू नये. लोकांच्या मनात भीती फार होती. तरुण आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली इमारत दिली. माझ्या मते शंभर भाषणांपेक्षा या एका गोष्टीचा उपयोग जास्त झाला असेल.

त्याच वर्षी १० मार्चला पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या होत्या. त्यांचे वय ६६ होते. मुंबईतली लस तेव्हा दोन महिन्यांची होती.

१८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. मग १९०२ साली दुसऱ्या अर्थाची टीका आली. पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस दिली, त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. वास्तविक त्या बाटलीचे बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. दोष लसीचा नव्हता. हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले, आणि तेही रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतली तेव्हा. मुंबईची जागा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यात काम करून ते निवृत्त झाले आणि १९१५ मध्ये भारतातून गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले. परळच्या संस्थेला १९२५ पासून त्यांचे नाव आहे, आणि १९६४ साली भारताने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आता पुन्हा गुरूंकडे येतो. रोगजंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मेच्निकोव्हांनी शोधल्या, त्यासाठी १९०८ चे नोबेल त्यांना मिळाले, आणि उत्तरायुष्यात ते म्हातारपणाच्याच अभ्यासाला लागले. दह्याने आयुष्य वाढते असे त्यांचे मत होते. दही चांगलेच, पण म्हातारपणी प्रतिकारशक्ती का उतरते याचे कारण पुढे निराळे सापडले. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. काही पांढऱ्या पेशी तिथे तयार होऊन बाहेर पडतात. वय वाढते तशी ही ग्रंथी आक्रसते, तिच्या जागी चरबी येते. जुन्या शत्रूंना ओळखणाऱ्या पेशी राहतात, नव्या शत्रूसाठी नवे शिपाई कमी पडतात. म्हणून साधा फ्लू साठीनंतर न्यूमोनियापर्यंत जातो, आणि लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू, जो नसांत झोपून असतो, तो उठून नागीण होऊन बाहेर येतो. लसीचा परिणामही वृद्धांत थोडा कमी होतो व लवकर ओसरतो. त्यामुळे काही लसी पुन्हा घ्याव्या लागतात.

कोरोनात हे आपण पाहिले. १ मार्च २०२१ पासून साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली, आणि इतर व्याधी असलेल्या वृद्धांना जादा मात्रा सुरू झाली ती १० जानेवारी २०२२ रोजी. हाफकिन यांनी स्वतःला टोचून घेतले त्याला त्या दिवशी बरोबर १२५ वर्षे झाली होती.

शासनाच्या मोफत लसीकरणात मुख्यतः बालके व गर्भवती माता येतात. आजी-आजोबांसाठी फ्लूची लस (ही दरवर्षी), न्यूमोनियाची, आणि पन्नाशीनंतर नागिणीची, जिच्या दोन मात्रा असतात, या बहुधा विकत घ्याव्या लागतात, आणि नागिणीची बरीच महाग आहे. मधुमेह, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी घरच्या डॉक्टरांना विचारावे. मुलांनी या वेळी आपले कार्ड आणताना आजोबांनाही एकदा विचारून यावे.