रेमंड विल्यम्स आणि सामान्यांची संस्कृती

रेमंड विल्यम्स यांचे नाव आपल्याकडे बहुधा मार्क्सवादी साहित्यशास्त्राच्या संदर्भात घेतले जाते. ‘मार्क्सिझम अँड लिटरेचर’ (१९७७) हा ग्रंथ अभ्यासक्रमांत रुळला आणि त्यामागचा माणूस मात्र काहीसा मागे पडला. वस्तुतः युद्धोत्तर ब्रिटनमधील सामान्य माणसाचे रोजचे जगणे, त्याचे वर्तमानपत्र, त्याच्या घरातला दूरचित्रवाणी संच, त्याच्यापुढे नाचणाऱ्या जाहिराती, हाच विल्यम्स यांच्या चिंतनाचा मूळ विषय होय; आणि तो त्यांच्या चरित्राशी अतूटपणे बांधलेला आहे.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १९२१ रोजी वेल्स आणि इंग्लंड यांच्या सीमेवरील पॅन्डी या खेड्यात झाला. वडील रेल्वेत सिग्नलमन. १९२६ च्या सार्वत्रिक संपात ते सामील होते आणि गावातील मजूर पक्षाच्या शाखेचे कामही पाहत. घरी आणि गावात मुलाला ‘जिम’ म्हणत. ‘रेमंड’ हे नाव बाहेरच्या जगासाठी. ॲबरगव्हेनीच्या शाळेतून शिष्यवृत्ती मिळवून १९३९ मध्ये हा मुलगा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. तेथील एका चहाच्या दुकानाचे त्यांनी पुढे केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. तेथे जमणाऱ्यांच्या लेखी संस्कृती म्हणजे विद्वत्ता नव्हे, कलाही नव्हे, तर आपण इतरांहून वेगळे असल्याची खूण होती. भारतीय वाचकाला येथे सोवळ्याची आठवण व्हावी.

मध्येच युद्ध आले. रणगाडाविरोधी तोफखान्यात अधिकारी म्हणून १९४४ मध्ये ते नॉर्मंडीत लढले. १९४५ मध्ये केंब्रिजला परतल्यावर त्यांना जाणवले, की आजूबाजूचे लोक जणू दुसरीच भाषा बोलत आहेत. विशेषतः ‘कल्चर’ हा शब्द वारंवार आणि नव्या अर्थच्छटांनी कानी पडत होता. या एका शब्दाचा माग काढता काढता ‘कल्चर अँड सोसायटी’ (१९५८) हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याला जोडायची शब्दटिपणे प्रकाशकाने विस्तारभयास्तव गाळली. तीच वाढून १९७६ मध्ये ‘कीवर्ड्‌स’ या नावाने प्रसिद्ध झाली. आपल्या भाषांतही या शब्दाचा इतिहास कमी रंजक नाही. बंगालीत ‘कृष्टि’ की ‘संस्कृति’ असा वाद झाला तेव्हा रवींद्रनाथांनी शेतीचा वास असलेला पहिला शब्द नाकारला. दुसरा सुनीतिकुमार चटर्जी यांना पॅरिसमध्ये एका महाराष्ट्रीय मित्राकडून मिळाला होता. विल्यम्स यांना मात्र तो शेतीचा वासच मोलाचा वाटला असता, असे माझे मत आहे.

१९४६ ते १९६१ ही पंधरा वर्षे ते ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात प्रौढांचे शिक्षक होते. बराच काळ ते ससेक्सच्या किनारी भागात वर्ग घेत. सकाळी लेखन, सायंकाळी अध्यापन असा क्रम असे. चरित्रकार या काळावरून लवकर पुढे सरकतात, ते मला पटत नाही. दिवसभर कामावर राबून सायंकाळी वाचायला येणारी माणसे त्यांच्यासमोर बसत होती. अशा वर्गांपुढे उभे राहिल्यावर ‘जनसमूह’ ही कल्पना टिकणे कठीण. समूह म्हणून असा कोणी नसतोच, दुसऱ्यांकडे समूह म्हणून पाहण्याची आपली एक रीत असते, हा त्यांचा सुप्रसिद्ध सिद्धांत या सायंकाळच्या वर्गांशी जोडूनच वाचायला हवा. रिचर्ड हॉगार्ट आणि ई. पी. टॉम्सन हेही त्या वेळी प्रौढशिक्षणातच होते. ‘सांस्कृतिक अभ्यास’ ही विद्याशाखा विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत जन्मली नाही, ती बाहेरच्या पडवीत जन्मली.

१९५५ मध्ये ब्रिटनमध्ये व्यापारी दूरचित्रवाणी सुरू झाली आणि लोकांची अभिरुची बिघडत असल्याची ओरड उठली. विल्यम्स त्या सुरात सामील झाले नाहीत. जाहिरातींवरील १९६० च्या निबंधात त्यांनी उलटाच मुद्दा मांडला: हा समाज फार भौतिकवादी नाही, पुरेसा भौतिकवादी नाही. बिअर केवळ बिअर म्हणून पुरेशी वाटत असती, तर तिच्यासोबत पौरुष आणि शेजारधर्म विकण्याची गरजच पडली नसती. ‘कम्युनिकेशन्स’ (१९६२) मध्ये त्यांनी वर्तमानपत्रांतील मजकुराची अक्षरशः मोजदाद केली. १९६८ पासून चार वर्षे ‘द लिसनर’मध्ये दूरचित्रवाणीवर सदर लिहिले. केंब्रिजचा एक अध्यापक मालिका आणि क्रीडाप्रसारण इतक्या गांभीर्याने पाहतो, याचे अनेकांना नवल वाटे. (केंब्रिजमधील ती जागाही त्यांनी अर्ज न करताच त्यांना मिळाली होती.) पुढे अमेरिकेत, जहाजाच्या लांबच्या प्रवासाने शिणलेले असताना, मायामीत एका रात्री त्यांनी चित्रपट लावला. जाहिराती आणि इतर चित्रपटांची पूर्वदृश्ये त्यात अशी मिसळली, की काय कशाचे हे कळेना. ‘प्रवाह’ ही त्यांची संकल्पना त्या गोंधळातून निघाली आणि ‘टेलिव्हिजन’ (१९७४) या पुस्तकात आली.

एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. ‘कल्चर अँड सोसायटी’ निघाले त्याच १९५८ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात कृष्णवर्णीय रहिवाशांवर हल्ले झाले. सॅम सेल्वन यांची ‘द लोनली लंडनर्स’ ही कादंबरी त्याआधी दोनच वर्षे आली होती. तरीही विल्यम्स यांच्या ‘सामान्य’ माणसांत हे नवे शेजारी दिसत नाहीत, आणि साम्राज्यही जवळजवळ अदृश्य राहते. ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) मध्ये अचेबे आणि न्गुगी यांच्यापर्यंत ते पोहोचले खरे. पण वस्तीच्या मुळांवर त्यांनी दिलेला भर स्थलांतरितांना बाहेर ठेवतो, असा आक्षेप पॉल गिलरॉय यांनी १९८७ मध्ये घेतला. तो मला रास्त वाटतो. साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला राहिलेल्या आपण तरी तो नजरेआड करू नये.

‘बॉर्डर कंट्री’ (१९६०) या त्यांच्या कादंबरीत लंडनहून आजारी वडिलांना भेटायला आलेल्या अध्यापकाला गावात एक नाव आणि बाहेर दुसरे आहे. सिग्नलमन वडिलांच्या चित्रणात जी माया आहे, ती त्यांच्या सैद्धांतिक गद्यात क्वचित आढळते; त्या गद्याचा जडपणा त्यांच्या चाहत्यांनाही नाकारता येत नाही.

२६ जानेवारी १९८८ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या जन्मभूमीतील डोंगरांची कथा अश्मयुगापासून सांगणारी कादंबरी अपुरीच राहिली. तिचे लिहून झालेले दोन भाग पुढे प्रसिद्ध झाले. पॅन्डीपासून जवळच, पण सीमेच्या इंग्लंडकडील बाजूस, क्लोडॉक येथील चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले.