बर्लिन, 149 कवट्या आणि इरावती कर्वे: गाईडचाच सिद्धांत खोडणारी विद्यार्थिनी

परदेशात शिकायला जायचं आणि तिथे आपल्याच गाईडला चूक ठरवायचं? इरावती कर्वे यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी हे केलं होतं.

15 डिसेंबर 1905 रोजी तेव्हाच्या ब्रह्मदेशात त्यांचा जन्म झाला. तिथल्या इरावती नदीवरूनच त्यांचं नाव ठेवलं गेलं. शिक्षण पुण्या-मुंबईत झालं. सासरे होते महर्षी धोंडो केशव कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षींनाही सुनेने जर्मनीला जाणं पसंत नव्हतं. पती दिनकर मात्र पाठीशी उभे राहिले.

बर्लिनमध्ये त्यांचे गाईड होते मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर. गोरे युरोपीय बुद्धीने श्रेष्ठ असतात आणि कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधल्या फरकावरून ते दिसतं, असा त्यांचा कयास होता. तो तपासण्याचं काम इरावतींकडे आलं.

त्यांनी 149 कवट्या मोजल्या. निष्कर्ष उलटाच निघाला. असा फरक सगळ्याच माणसांत असतो, त्याचा वंशाशी संबंध नाही. परक्या देशात, पदवी गाईडच्या हातात असताना, त्यांनी प्रबंधात तेच लिहिलं. तरीही डॉक्टरेट मिळाली.

फिशर पुढे नाझी पक्षात गेले. इरावती मायदेशी परतल्या. 1939 पासून त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये शिकवलं. महाभारतातल्या व्यक्तींवरच्या 'युगान्त'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 11 ऑगस्ट 1970 रोजी त्यांचं निधन झालं. 'युगान्त' आजही वाचलं जातं. त्या 149 कवट्यांची गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत आहे.