संत जॉन बॉस्को आणि पटकीची साथ

आपल्या चर्चच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं भाविकांपुढें कोणत्या संताचें चरित्र ठेवावें, असा विचार करीत असतां आम्हांस २०२० सालचे दिवस आठवले. त्या सालीं साथीमुळें देवळांचे दरवाजे बंद झाले, शाळा व बोर्डिंगें ओस पडलीं, आणि आपलीं मुलें कशीं सांभाळावीं ही काळजी घरोघर लागून राहिली. हीच काळजी सुमारें एकशें सत्तर वर्षांपूर्वीं इटलींतील तुरीन शहरीं एका धर्मगुरूंनीं वाहिली. ते धर्मगुरु म्हणजे संत जॉन बॉस्को होत.

त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजीं बेक्की नांवाच्या खेड्यांत एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं झाला. ते दोन वर्षांचेही झाले नव्हते तोंच पिता निवर्तले, व माता मार्गारेटा यांनीं काबाडकष्ट करून मुलांस वाढविलें. ५ जून १८४१ रोजीं जॉन यांस गुरुदीक्षा मिळाली. कामधंद्याच्या शोधांत तुरिनांत येऊन रस्त्यावर पडलेलीं मुलें पाहून त्यांचें अंतःकरण द्रवलें. १८४६ सालीं वाल्दोक्को येथें एक पडवी भाड्यानें घेऊन त्यांनीं मुलांसाठीं प्रार्थना, खेळ व शिक्षण यांचें स्थान उभारलें. पुढल्याच वर्षीं निराश्रित मुलें त्यांच्या घरींच राहूं लागलीं. माता मार्गारेटाही गांव सोडून आल्या व त्या सर्वांच्या आई झाल्या.

१८५४ च्या उन्हाळ्यांत तुरिनांत पटकी शिरली. सुमारें २५०० लोकांस तिनें गांठलें व त्यांतील सुमारें १४०० दगावले. वाल्दोक्कोच्या आसपासच्या गरीब वस्तीवर तर तिचा विशेष घाला पडला. ज्यांस शक्य होतें ते शहर सोडून गेले. कित्येक रोग्यांस सख्ख्या नातलगांनींही टाकलें.

अशा वेळीं जॉन बॉस्को यांनीं प्रथम आपलें घर नीट केलें. सर्व खोल्या झाडून पुसून स्वच्छ केल्या, निजण्याच्या दालनांतील खाटा कमी करून मुलांसाठीं आणखी जागा तयार केल्या, व मुलांचें जेवण सुधारलें. यासाठीं कर्ज झालें, तें त्यांनीं सोसलें. मग ५ ऑगस्ट रोजीं, मरियामातेच्या सणाच्या दिवशीं, त्यांनीं मुलांस एकत्र बोलाविलें. देवाच्या कृपेंत राहा, पाप टाळा, मरियामातेचें पदक अंगावर बाळगा व तिच्यावर भरंवसा ठेवा, असा त्यांच्या उपदेशाचा भाव होता. नंतर रोग्यांच्या सेवेस स्वखुषीनें कोण येईल, असें त्यांनीं विचारलें. प्रथम चौदा मुलें पुढें आलीं, मागाहून आणखी तीस. हीं मुलें रुग्णालयांत व घरोघर जाऊन रोग्यांची शुश्रूषा करूं लागलीं. प्रत्येकाजवळ शिरक्याची कुपी असे. रोग्यास हात लावल्यावर त्यानें आपले हात धुवावे अशी सक्त शिस्त होती. रोग्यांसाठीं कापड कमी पडूं लागलें तेव्हां माता मार्गारेटांनीं घरांतील चादरी दिल्या, आणि त्या सरल्यावर वेदीवरचीं वस्त्रेंही दिलीं.

येथें एक प्रश्न आम्हांस बोचतो. दुसऱ्यांचीं मुलें ज्याच्या पदरीं आहेत, त्यानें त्यांस मृत्यूच्या दारीं पाठवावें काय? आज कोणी तसें करूं नये, असेंच आम्ही म्हणूं. परंतु दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. त्यांनीं कोणासही भाग पाडलें नाहीं. आणि जेथें मुलें गेलीं तेथें ते स्वतःही गेले.

त्या काळीं पटकीचें कारण वैद्यांसही ठाऊक नव्हतें. दूषित हवेवर सारा दोष येई. त्याच १८५४ सालीं फ्लॉरेन्स येथें पाचिनी यांनीं सूक्ष्मदर्शकांतून त्या रोगाचे जंतु पाहिले, पण त्यांकडे कोणी लक्ष दिलें नाहीं. १८८४ सालीं कलकत्त्यास कॉक यांनीं तें कारण पक्कें केलें. दूषित पाणी व मळके हात यांतून पटकी पसरते, आणि तिचे जंतु आंबट पदार्थांत तग धरीत नाहींत, हें आज आपणांस कळतें. शिरक्याची ती कुपी पोकळ समजूत नव्हती.

त्या मुलांपैकीं एकासही पटकी झाली नाहीं, असें चरित्रकार लिहितात. तरी तें घर दुःखावांचून राहिलें नाहीं. त्याच दिवसांत सोळा वर्षांचा जॉन काल्येरो विषमज्वरानें मरणोन्मुख झाला. तो वांचला, १८७५ सालीं पहिल्या सालेशियन मिशनऱ्यांचा नायक होऊन अमेरिकेस गेला, व १९१५ सालीं कार्डिनल झाला. साथ ओसरल्यावर जॉन बॉस्को यांनीं आईबाप गमावलेल्या सुमारें वीस मुलांस आपल्या घरीं घेतलें.

१८५९ सालीं त्यांनीं सालेशियन संघ स्थापिला. ३१ जानेवारी १८८८ रोजीं ते देवाघरीं गेले, व १ एप्रिल १९३४ रोजीं, पुनरुत्थानाच्या सणादिवशीं, पोप अकरावे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. १९०६ सालीं त्यांचे संघबंधु तंजावरास आले. मुंबईंत माटुंग्याची त्यांची शाळा आपणां सर्वांस ठाऊकच आहे.

भाविकहो, प्रार्थना करणारे झाडू विसरतात, आणि झाडू धरणारे प्रार्थना विसरतात. या संतानें दोन्ही एकाच हातीं धरलीं. देवावर भरंवसा ठेवून हात न धुणें ही श्रद्धा नव्हे, ती देवाची परीक्षा पाहणें होय. आणि हात धुऊन शेजाऱ्याकडे पाठ फिरविणें हें पिलाताचें काम होय. आपल्या मुलांस आपण दोन्ही शिकवूं या. संत जॉन बॉस्को आपल्या घरांसाठीं व आपल्या चर्चसाठीं देवाजवळ विनंती करोत.