कर्नल लॅम्ब्टन : भूमीचे प्रामाणिक मोजणीदार

आमच्या मेडशीच्या पूर्वेस, वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट हे गाव आहे. तेथील कापसाची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु हिंदुस्थानच्या शास्त्रीय मोजणीचा पाया घालणारे कर्नल विल्यम लॅम्ब्टन तेथेच चिरनिद्रा घेत आहेत, हे आम्हांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

लॅम्ब्टनसाहेबांचा जन्म इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात गरीब घरी झाला. सैन्यात असता सूर्यग्रहण पाहताना त्यांचा एक डोळा अधू झाला. तरीही पुढील आयुष्य त्यांनी दुर्बिणीतून पाहण्यातच वेचले. म्हैसूरच्या १७९९ च्या युद्धानंतर त्यांनी मोजणीची योजना सरकारपुढे मांडली आणि एप्रिल १८०२ मध्ये मद्रासेजवळ कामास आरंभ झाला.

प्रथम सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजावयाची, तिच्या टोकांपासून दूरच्या खुणांचे कोन घ्यावयाचे व त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने काढावयाच्या, अशी ही रीत. मूळ रेषा चुकली की पुढील सारेच त्रिकोण चुकणार! म्हणून १०० फुटांची पोलादी साखळी पेट्यांत ठेवून तिच्याजवळ उष्णतामापक लावीत. कारण उष्णतेने पोलाद वाढते. शिवाय ती साखळी, प्रमाण म्हणून निराळ्या राखलेल्या दुसऱ्या साखळीशी ताडून पाहत.

१८०८ मध्ये तंजावरच्या गोपुरावर चढविताना, कोन मोजण्याचे सुमारे अर्ध्या टनाचे यंत्र दोर तुटून आपटले व त्याचे चक्र वाकले. साहेबांनी कोणासही दोष न देता, कित्येक आठवडे खपून ते स्वहस्ते सरळ केले.

मोजणीचा लाभ कंपनी सरकारच्या सत्तेस झाला, हे आम्ही विसरू नये. आणि डोंगरोडोंगरी ओझी वाहणाऱ्या, तापाने मरणाऱ्या खलाशांची नावेही कोठे कोरलेली नाहीत, हेही विसरू नये.

नागपूरच्या वाटेवर असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे, सत्तरीच्या सुमारास, साहेबांचा अंत झाला. काम अपुरे राहिले. ते त्यांचे साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. आज देशाची प्रमाण मापे दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. बाजारातील साधे वजनही शेवटी अशाच प्रमाण मापावर विसंबून असते.

विद्यार्थ्यांनो, आमच्या वहीतील उत्तर कोणी तपासो वा न तपासो, ते आपण होऊन पुन्हा ताडून पाहावे, हाच या चरित्राचा बोध होय.