सारदामातेच्या हातांतील कंकणे

नवरात्रात घटाशेजारी नंदादीप तेवू लागला, की आम्हांस श्रीसारदादेवींचे चरित्र आवर्जून आठवते. बंगालातील जयरामबाटी गावी 1853 साली त्यांचा जन्म झाला. 1859 साली, बालवयातच, श्रीरामकृष्ण परमहंसांशी त्यांचा विवाह झाला. पुढे दक्षिणेश्वरी परमहंसांनी आपल्या या सहधर्मचारिणीला आसनावर बसवून षोडशी देवीच्या रूपात तिची विधिवत् पूजा केली.

देवी म्हणून पूजिलेल्या या स्त्रीलाही प्रपंचाचे दुःख चुकले नाही. 1885 साली परमहंसांना घशाचा कर्करोग जडला. उपचारांसाठी त्यांना कलकत्त्यात श्यामपुकुर येथे व नंतर काशीपूरच्या उद्यानगृही ठेवण्यात आले. श्यामपुकुरच्या घरी स्त्रियांसाठी निराळी सोय नव्हती. सारदादेवी पहाटे तीनला उठून स्नान उरकीत, गच्चीच्या जिन्याजवळील चिंचोळ्या जागेत पथ्याचे अन्न रांधीत आणि सारे निजल्यावरच पाठ टेकीत. दुखणे हटेना, तेव्हा त्या तारकेश्वरी गेल्या व अन्नपाणी वर्ज्य करून दोन दिवस महादेवापाशी धरणे धरून बसल्या. तेथेच साऱ्या नात्यांची नश्वरता त्यांना उमगली. त्या रिकाम्या हातांनी परतल्या. पण सेवेत खंड पडू दिला नाही.

16 ऑगस्ट 1886 रोजी परमहंसांनी देह ठेवला. सारदादेवी तेव्हा अवघ्या 32 वर्षांच्या होत्या. रूढीप्रमाणे त्या कंकणे उतरवू लागल्या, तोच पतीचे दर्शन होऊन, आपण केवळ एका दालनातून दुसऱ्यात गेलो आहोत, असे त्यांनी सांगितल्याचे चरित्रकार नमूद करतात. कंकणे हातांतच राहिली.

वृंदावनची यात्रा करून त्या कामारपुकुरला राहिल्या. तेथे मिठावाचून भात खाण्याचे दिवस आले. कंकणांवरून गावाने नावे ठेवली. त्यांनी कोणापुढे हात पसरला नाही. स्वतः माती खणून भाजी लावली. पुढे शिष्यांनी त्यांना कलकत्त्यास नेले. 1920 साली देहत्याग करीपर्यंत त्या असंख्य भक्तांची माउली होऊन राहिल्या.

देवीची ओटी भरताना आपल्या घरातील एखादी विधवा जाऊ वा नणंद आजही दाराआड उभी राहत असेल, तर तिला सन्मानाने पुढे बोलवावे, असे आम्हांस वाटते. ज्या हातांनी रुग्णाची अहोरात्र शुश्रूषा केली, ते हात जगदंबेला अमंगल कसे वाटतील?